पदवी तिची, पण मोजणार कोण?

(आमच्या महिला मेळाव्यात ‘परदेशातलं स्थळ आणि मुलीचं शिक्षण’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

हुंडा, मारहाण, पोटगी असे प्रश्न समोर असताना ही बाई पदव्यांच्या कागदांबद्दल काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहीजणींना वाटत असेल. वाटणं साहजिक आहे. पण मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची चौदा वर्षं परदेशी पाठवायच्या गुणपत्रकांच्या टेबलावर काढली. निवृत्तीनंतर आपल्या संघटनेच्या सल्ला केंद्रात बसते. या दोन्ही जागी मला ज्या बायका भेटल्या, त्यांच्यामुळे मी हा विषय आज मुद्दाम मागून घेतला.

आमच्या खिडकीशी मुलगा यायचा तेव्हा त्याच्या हातात परदेशातल्या विद्यापीठाचं किंवा कंपनीचं पत्र असायचं. कोणते कागद हवेत, कुठे पाठवायचे, हे त्याला पाठ असायचं. मुलगी यायची ती बरेचदा वडिलांबरोबर, आणि पिशवीत लग्नपत्रिका. “पुढच्या महिन्यात लग्न आहे, तोवर कागद मिळतील ना?” असं वडील विचारायचे. कुठले कागद, कशासाठी, हे दोघांनाही ठाऊक नसायचं. आणि कितीतरी मुली त्या वेळी येतच नसत. चार-पाच वर्षांनी त्यांचा भाऊ नाहीतर आई अधिकारपत्र घेऊन यायची. तिकडे गेल्यावर मुलीला कळलेलं असायचं की आपली पदवी आपल्याबरोबर विमानात चढलेलीच नाही.

पदवी परदेशात ‘चालते’ की ‘चालत नाही’, असं आपण सहज बोलतो. खरं तर यात तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते तीन वेगळ्या टेबलांवर सुटतात. पहिला प्रश्न, ही पदवी खरी आहे का? दुसरा, ती आमच्याकडच्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची आहे? आणि तिसरा, या पदवीवर आमच्या देशात हा व्यवसाय करायची परवानगी आहे का? पहिल्या दोनांचं उत्तर ‘हो’ आलं म्हणजे तिसऱ्याचंही आलं, असं मुळीच नाही. याच ठिकाणी सर्वांत जास्त फसगत होते.

पहिल्या प्रश्नासाठी विद्यापीठानं स्वतः पाठवलेली गुणपत्रकं लागतात. आपल्या हातातल्या मार्कलिस्टची झेरॉक्स बहुतेक ठिकाणी पुरत नाही. विद्यापीठ सगळ्या वर्षांचे गुण एका कागदावर काढून, सही-शिक्का करून, बंद पाकिटात किंवा आता संगणकामार्फत थेट पाठवतं. त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. अलीकडच्या विद्यार्थिनींचे कागद डिजिलॉकरवर मिळतात. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा निकाल जाडजूड रजिस्टरात असतो. तो शोधायला माणूस लागतो आणि त्या माणसाला वेळ लागतो. काही देशांत आधी कागदांवर शिक्के मारून घ्यावे लागतात. भारत २००५ साली ॲपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, त्यामुळे त्या करारातल्या बहुतेक देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल शिक्का झाला की वकिलातीत जावं लागत नाही. संयुक्त अरब अमिरातीसारखा देश त्या करारात नाही. तिथे आपलं राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांची वकिलात अशी साखळी पुरी करावी लागते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक देश आपापल्या पद्धतीनं देतो. अमेरिकेत पदव्या मोजणारं सरकारी खातंच नाही. तिथे हे काम खासगी संस्था करतात. न्यूयॉर्कची डब्ल्यूईएस ही त्यातली जुनी संस्था, १९७४ पासूनची. अशा संस्थांचा संघ १९८७ साली निघाला. पण त्यांचा अहवाल मानायचा की नाही, हे ते विद्यापीठ, ती कंपनी किंवा ते परवाना मंडळ ठरवतं. ब्रिटनमध्ये हे काम एकच राष्ट्रीय केंद्र करतं. त्याचं जुनं नाव नॅरिक, २०२१ पासून एनिक. कॅनडात कुशल कामगार म्हणून स्थायिक व्हायला अर्ज करणाऱ्यांसाठी २०१३ पासून असं मूल्यांकन सक्तीचं झालं. तो अहवाल स्थलांतराच्या अर्जासाठी पाच वर्षं चालतो.

आता आपल्या मुलींना सर्वांत जास्त लागणारी ठेच सांगते. आपली बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. वर्षानुवर्षं तीन वर्षांची. अमेरिकेतली पदवी चार वर्षांची. त्यामुळे तिथल्या अनेक संस्था आपली पदवी ‘तीन वर्षांचं महाविद्यालयीन शिक्षण’ एवढीच धरतात. काही संस्था अटी घालून पूर्ण पदवी मानतात, जसं की विद्यापीठाला ‘नॅक’ची वरची श्रेणी असणं आणि वर्ग चांगला असणं. म्हणजे एकच बी.कॉम. एका टेबलावर पदवी आणि दुसऱ्या टेबलावर अर्धवट शिक्षण! मुलगा अभियंता झाला तर त्याची बी.ई. चार वर्षांची, तिला हा अडथळा नाही. आणि घरात पैसे एकाच्याच शिक्षणापुरते असले तर ते चार वर्षांचं शिक्षण कुणाला मिळतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं चार वर्षांच्या पदवीचा पर्याय आणला आहे. तुमची मुलगी आज बारावीला असेल, तर तीन वर्षांनी थांबायचं की चौथं वर्ष करायचं, हे ठरवताना हा मुद्दा ध्यानात ठेवा.

तिसरा प्रश्न परवान्याचा. तो सर्वांत कडक. आपली एम.बी.बी.एस. मुलगी अमेरिकेला गेली की तिथे तिला आपली पदवी ईसीएफएमजीकडून, म्हणजे १९५६ पासून हेच काम करणाऱ्या संस्थेकडून, पडताळून घ्यावी लागते. मग परीक्षा, आणि मग बहुतेक राज्यांत पुन्हा रुग्णालयात काही वर्षांची उमेदवारी. इथे एम.डी. होऊन दहा वर्षं दवाखाना चालवला असला तरी यातून तिची सहसा सुटका नाही. दंतवैद्य मुलीची गोष्ट अधिक अवघड. तिला बहुतेक राज्यांत तिथल्या दंतवैद्यक कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षं शिकावं लागतं, आणि त्याची फी डोळे पांढरे करणारी असते. परिचारिकेला प्रत्येक विषयाचे वर्गातले तास किती, वॉर्डातले तास किती, हे तिच्या नर्सिंग स्कूलकडून भरून आणावं लागतं. ते स्कूलच बंद पडलं असेल तर? अशी एक परिचारिका माझ्या टेबलाशी तीन महिने खेटे घालत होती. शिक्षिकेचंही तेच. ऑस्ट्रेलियात शिक्षिका म्हणून पात्र ठरायला चार वर्षांचं उच्च शिक्षण आणि त्यात किमान एक वर्षाचं शिक्षक-प्रशिक्षण लागतं. आपली बी.ए.-बी.एड. त्या मापात बसू शकते, पण जुनं डी.एड. करून शाळेत शिकवणारी आपली बाई बसत नाही.

तुम्ही म्हणाल, हे नियम तर पुरुषांनाही लागू आहेत. यात बाईचा प्रश्न कुठे आला?

नियमात बाईचा उल्लेख नाही, हे खरं. पण तो नियम येऊन पडतो कुणावर, ते बघू या.

आधी नाव घेऊ. परदेशातला अधिकारी तीन कागदांवर तीन नावं बघतो आणि फाईल बाजूला ठेवतो. मार्कलिस्टवर माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव, नवऱ्याचं नाव. आणि आपल्याकडे तर लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायची हौस! मग ती तीच आहे हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली जाहिरात, प्रतिज्ञापत्र. माझ्या चौदा वर्षांत नावाच्या घोटाळ्यानं अडलेला एकही विवाहित पुरुष मला भेटला नाही. बायका रोज भेटत होत्या. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, खंड. परवाना मंडळं विचारतात, गेल्या काही वर्षांत तुम्ही हे काम केलंय का? लग्न, व्हिसाची वाट, बाळंतपण, मूल लहान, यात सहा-सात वर्षं जातात. अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेलेल्या बायकोला वर्षानुवर्षं नोकरीची मुभाच नव्हती. २०१५ पासून काही जणींना मिळाली, तीही नवऱ्याचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचला असेल तर. म्हणजे आधी सरकार म्हणतं काम करू नकोस, आणि नंतर मंडळ विचारतं काम का केलं नाहीस!

तिसरी गोष्ट, शिक्षणाची वाट. आपल्याकडे कितीतरी बायका बाहेरून परीक्षा देऊन शिकल्या. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं तर दहावी न झालेल्या बायकांनाही पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीला बसायची वाट काढून दिली. मला त्या विद्यापीठाचं फार कौतुक आहे. पण परदेशातला मोजणारा विचारतो, हिची बारावी कुठे आहे? संसार सांभाळून रात्री अभ्यास केलेल्या बाईची पदवी तिथे संशयानं बघितली जाते. संशय दूर करायला त्या अभ्यासक्रमाची नियमावली आणि मान्यतेचं पत्र जोडावं लागतं. ते जोडायचं असतं हेच अनेकींना ठाऊक नसतं.

चौथी गोष्ट, पैसा आणि कागदाचा ताबा. मूल्यांकनाची फी, कुरियर, भाषेची परीक्षा, परवान्याची परीक्षा, हे सगळं परकीय चलनात. तिच्या हातात स्वतःचा पैसा नसतो. घरात ठरतं, आधी त्याचं बस्तान बसू दे, मग तुझं बघू. आणि मूळ प्रमाणपत्रं? ती सासरच्या कपाटात ‘नीट ठेवलेली’ असतात. सल्ला केंद्रात आलेल्या एका मुलीनं मला सांगितलं की भांडण झालं की नवरा तिची पदवी फाडायची धमकी द्यायचा. मी तिला म्हटलं, फाडू दे. कागद फाटतो, विद्यापीठाच्या रजिस्टरातली नोंद फाटत नाही. दुय्यम प्रत मिळते. तिला हे ऐकून रडू आलं. चार वर्षं त्या धमकीखाली काढली होती तिनं.

कॅनडाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथल्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत अर्जदाराला गुण मिळतात. जोडीदाराच्या शिक्षणाचेही जास्तीत जास्त दहा गुण असतात, पण त्यासाठी जोडीदाराच्या पदवीचं मूल्यांकन जोडावं लागतं. त्यामुळे तिची पदवी झटपट मोजून घेतली जाते, विद्यापीठात रांग लावून, तातडीची फी भरून. दहा गुण पदरात पडले, घर कॅनडाला गेलं, आणि तो अहवाल फाईलमध्ये गेला. तिला शिकवायचं होतं, पण शिक्षिकेचा परवाना प्रत्येक प्रांताचा वेगळा, त्याची चौकशी कुणी केलीच नव्हती. मैत्रिणींनो, मुख्य अर्जदार नवराच असला पाहिजे असा नियम नाही. दोघांचे गुण दोन्ही बाजूंनी मांडून बघावेत. कधीकधी बायकोचे जास्त भरतात.

ही गोष्ट आजची नाही. ब्रिटनमध्ये १८५८ साली डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यात परदेशी पदवीवर नोंदणी मिळे ती फक्त त्या आधीपासून ब्रिटनमध्ये व्यवसाय करणाऱ्यांना. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांची पदवी अमेरिकेतली, १८४९ची. त्या आधी इंग्लंडात काम करून आलेल्या होत्या म्हणून त्यांचं नाव नोंदलं गेलं. त्यांच्यामागून येणाऱ्यांना दार बंद. कायद्यात ‘स्त्री’ हा शब्दच नव्हता. पण ब्रिटनमधलं एकही वैद्यकीय विद्यालय बायकांना घेत नव्हतं, म्हणजे बाईजवळ असलीच तर पदवी परदेशीच असणार! १८७६ साली कायदा बदलला तेव्हा परीक्षक संस्थांना बायकांची परीक्षा घ्यायची मुभा मिळाली. आपल्या रखमाबाई १८८९ ते १८९४ लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या. त्या विद्यालयाला स्वतःची पदवी द्यायचा अधिकार नव्हता. विद्यार्थिनींनी शिकायचं एकीकडे आणि परीक्षा द्यायची दुसऱ्याच संस्थेची. कोलकात्याच्या कादंबिनी गांगुली तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकूनही त्यांच्या प्रमाणपत्राला कमी लेखलं गेलं, तेव्हा त्या ब्रिटनला जाऊन तिथले परवाने घेऊन आल्या.

आणि गरज पडली की हेच दार कसं उघडतं, तेही बघा. २०२० साली करोनाच्या लाटेत न्यू जर्सी राज्यानं परदेशात परवाना असलेल्या डॉक्टरांना तात्पुरती परवानगी दिली. आदल्या महिन्यात जे ज्ञान मोजायलाही कुणी तयार नव्हतं, ते एका आदेशानं उपयोगी ठरलं. रुग्णाची सुरक्षितता महत्त्वाची आहे, परीक्षा घ्यावी, माझा त्याला विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की माप आधी सांगा, आणि काय कमी पडतं ते लेखी सांगा.

हे जमतं. जर्मनीनं १ एप्रिल २०१२ पासून त्यासाठी कायदाच केला. कोणत्याही देशाच्या माणसाला आपलं व्यावसायिक शिक्षण तपासून मागायचा हक्क आहे. कागद पूर्ण झाल्यावर साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पदवी पुरती जुळत नसेल तर नेमकं काय कमी आहे ते लिहून द्यायचं. तेवढाच भाग मग प्रशिक्षण घेऊन किंवा परीक्षा देऊन भरून काढता येतो. अनेक व्यवसायांत कागद मिळणं शक्य नसेल तर प्रत्यक्ष काम करून दाखवायचीही सोय आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. परिचारिका होऊन जाऊ बघणाऱ्या मुलींनी या कायद्याची माहिती एजंटाकडून न घेता स्वतः घ्यावी. कॅनडात ओंटारिओच्या अभियंता मंडळानं ‘कॅनडातल्या अनुभवाची’ अट २०२३ साली काढून टाकली. अशा अटी आपोआप गेल्या नाहीत. परदेशातून आलेल्या माणसांनी वर्षानुवर्षं त्याविरुद्ध आवाज उठवला.

परतीच्या वाटेबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. संसार मोडून, किंवा आईवडिलांसाठी, बायका परत येतात. काहींनी तिकडे पदवी घेतलेली असते. इथे तिला विचारतात, याची समकक्षता आणा! हे काम वर्षानुवर्षं भारतीय विद्यापीठ संघ करत आला. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं यासाठी स्वतंत्र नियम काढले. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, कायदा, वास्तुशास्त्र असे विषय त्यात येत नाहीत. ते त्या त्या परिषदेकडे. ब्रिटनची एक वर्षाची एम.ए. आपल्याकडे अडायची. जुलै २०२२ मध्ये भारत-ब्रिटन करार होऊन ती मान्य झाली. तेव्हा तिकडे शिकायची संधी मिळाली तर प्रवेश घेण्याआधीच बघा, ही पदवी भारतात धरली जाईल का. परतायचं नाही असं आज वाटत असलं तरी बघा.

आता करायच्या गोष्टी. लग्न ठरलं की पत्रिका छापायला टाकण्याआधी विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्टचे तीन-चार संच काढून ठेवा, पाकिटं फोडू नका. अभ्यासक्रमाची पुस्तिका, नोंदणी प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले जमवा. सगळ्याची एक प्रत माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवा, आणि मूळ कागद स्वतःच्या ताब्यात ठेवा. नाव बदलायचं की नाही हे स्वतः ठरवा, आणि बदललंत तर जोडणारा पुरावा तयार ठेवा. इथल्या परिषदेकडची आपली नोंदणी वेळच्या वेळी नूतन करा. आणि पत्रिका जुळवायच्या बैठकीत मुलाला सरळ विचारा : तुमच्या राज्यात माझ्या पदवीवर काम करायला काय लागतं, किती वर्षं लागतात, आणि तो खर्च कुणी करायचा? उत्तर ठाऊक नसेल तर हरकत नाही. शोधून सांगतो म्हणाला की नाही, त्यावरूनही बरंच कळतं.

आणि विद्यापीठांकडे आपण संघटना म्हणून काही मागायला हवं. ट्रान्सक्रिप्ट किती दिवसांत मिळेल याची मुदत लावा. विवाहित विद्यार्थिनींसाठी दोन्ही नावांचा एक अधिकृत दाखला द्या. बंद पडलेल्या कॉलेजांचे दप्तर कुठे आहे ते जाहीर करा. कागद ज्याचे त्यालाच द्या. पत्नीची प्रमाणपत्रं तिच्या लेखी संमतीशिवाय नवऱ्याच्या हातात देऊ नका. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही, परीक्षा नियंत्रकाचं एक परिपत्रक पुरेल. त्या परिपत्रकाचा मसुदा मी करून आणला आहे. चहानंतर तो आपण सगळ्याजणी वाचू, दुरुस्त करू, आणि ज्यांना पटेल त्यांनी सह्या कराव्यात. आता तुमचे प्रश्न विचारा.